आधी अंधार सांभाळा: लॉनवरच्या लग्नात फेअरी लाइट लावणाऱ्या नवख्यांसाठी

लग्नात फेअरी लाइट, म्हणजे बारीक दिव्यांच्या माळा, लावायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, माळा किती आणायच्या? त्याआधी पत्रिकेवरची मुहूर्ताची वेळ बघा. मुहूर्त सकाळी अकराचा किंवा दुपारी साडेबाराचा असेल तर उन्हात शंभर माळा टांगल्या तरी कुणाला दिसणार नाहीत. अशा लग्नात सगळा जोर आदल्या संध्याकाळच्या हळदीवर आणि सीमांतपूजनावर, नाहीतर रात्रीच्या रिसेप्शनवर लावा. गोरज मुहूर्त असेल तर मात्र माळांचं सोनं होतं. नाशिकला डिसेंबरात सहाच्या आतबाहेर सूर्य मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. मंगलाष्टकं सुरू होताना आभाळात थोडा उजेड असतो आणि शेवटच्या अक्षता पडेपर्यंत झाडाझाडावरच्या माळा उठून दिसायला लागलेल्या असतात. ती पंधरा-वीस मिनिटं मला सगळ्या लग्नात जास्त आवडतात.

घरच्यांच्या आणि मित्रांच्या लग्नांत गंगापूर रोड, त्र्यंबक रोडकडच्या लॉन्सवर मी हे काम हाताने करत आलोय. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

पायरी पहिली: रात्री जाऊन लॉन बघा

लॉन ठरवायला आपण रविवारी दुपारी जातो, हिरवळ बघतो, पार्किंग बघतो आणि टोकन देऊन येतो. माळांसाठी पुन्हा एकदा रात्री आठला जा, कार्यक्रम नसलेल्या दिवशी. मॅनेजरना सगळे दिवे लावायला सांगा आणि मग एकेक बंद करत जायला सांगा. बहुतेक लॉन्सवर उंच खांबांवर पांढरेफटक फ्लडलाइट असतात. ते चालू असताना तुमची माळ म्हणजे सूर्यापुढे काजवा. माळा वाढवून त्या फ्लडलाइटशी बरोबरी होत नाही, आजवर कुणाची झालेली नाही. म्हणून या कामातला मोठा भाग म्हणजे कोणते दिवे बंद ठेवता येतील याची बोलणी. स्टेजसमोरचा आणि हिरवळीवरचा फ्लडलाइट बंद ठेवायला ते तयार झाले तर तो होकार बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. ऐन लग्नाच्या दिवशी ड्यूटीवर दुसराच माणूस असतो आणि अंधार पडला की सवयीने सगळी बटणं खाली करतो.

काही ठिकाणी मात्र लख्ख उजेडच हवा: पार्किंग, पायऱ्या, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृहाची वाट, आचाऱ्यांची जागा आणि पंगत. पानात काय वाढलंय ते आजीला दिसलं पाहिजे. तिथे सौंदर्याचा विचार करू नका.

पायरी दुसरी: तीन जागा निवडा, चौथी नको

नवखा माणूस माळा सगळीकडे पसरतो. कंपाउंडच्या भिंतीवर थोड्या, कुंड्यांवर थोड्या, खुर्च्यांमागे थोड्या. मग रात्री सगळंच मिणमिण दिसतं. मी तीन जागा धरतो: आत येण्याची वाट, एक मोठं झाड आणि स्टेजची मागची बाजू. हातात माळा उरल्या तर त्याच झाडावर आणखी दाट करतो.

वाटेवर उंचीचा विचार हवाच. डोक्यावरून माळा नेणार असाल तर वरात त्याच कमानीतून येणार आहे का ते विचारा. घोड्यावर बसलेला नवरदेव, त्याचा फेटा आणि वर धरलेली छत्री, एवढं सगळं खालून जायचं असतं. माणसं चालतात तिथे दहा फूट पुरतात. घोडा येणार असेल तर माळा बाजूच्या खांबांवरच ठेवा आणि वरचा भाग मोकळा सोडा.

खरेदी

माळा घ्यायची उत्तम वेळ म्हणजे दिवाळी संपल्यावरचे आठ-दहा दिवस. दुकानदारांना उरलेला माल काढायचा असतो, आणि तुळशीचं लग्न लागून आपल्या लग्नसराईला सुरुवात व्हायला अजून अवकाश असतो. नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा भागात एक फेरी मारा आणि घेण्याआधी प्रत्येक माळ दुकानातच पेटवून बघा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: फक्त वॉर्म व्हाइट, म्हणजे समईच्या ज्योतीकडे झुकणारा पिवळसर पांढरा. डब्यावर 2700 ते 3000 केल्विन असं लिहिलेलं असतं. निळसर पांढऱ्या उजेडात हळदीचा पिवळा रंग हिरवट, आजारी दिसतो. आणि येवल्याची पैठणी नेसून बाई समोर उभी असेल तर जरीचा काठ पिवळ्या उजेडात जसा पेटतो तसा निळ्यात पेटत नाही. एवढ्या मोलाचं वस्त्र अंगावर असताना उजेडात कंजुषी कशाला? सगळ्या माळा एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या घ्या. दोन कंपन्यांचे वॉर्म व्हाइट शेजारी लावले की फरक लगेच दिसतो.

वायरचा रंगही बघा. झाडासाठी हिरवी किंवा काळी, पांढऱ्या कापडासाठी पारदर्शक, फुलांच्या रचनेत आणि बाटल्यांत तांब्याच्या बारीक तारेची बॅटरीवाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त माळेत ट्रान्सफॉर्मर नसतो. पांढऱ्या एलईडीला जेमतेम 3 व्होल्ट लागतात, म्हणून पुष्कळ दिवे एकामागोमाग एका ओळीत जोडून घरचे 230 व्होल्ट सरळ त्या ओळीत सोडलेले असतात. त्यामुळे एक दिवा गेला की त्याच्या ओळीतला सगळा तुकडा बंद पडतो. आणि ती केसासारखी वायर कुठे सोलली गेली असेल तर हात लावणाऱ्याला पूर्ण घरगुती विजेचा झटका बसू शकतो. अडॅप्टरवाली माळ 24 किंवा 31 व्होल्टवर चालते. थोडी महाग पडते, पण जिथे लहान मुलांचे हात पोचतात तिथे, म्हणजे वाटेवर, झाडाच्या बुंध्याला आणि सेल्फीच्या कोपऱ्यात, तीच घ्या. उघड्यावर लावायच्या माळेवर निदान आयपी 44 लिहिलेलं हवं; धूळ-पाण्यापासून माळ किती सुरक्षित आहे ते हा आकडा सांगतो. अवकाळीच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, आयपी 65 बघा. अडॅप्टर आणि प्लग मात्र बहुतेक वेळा पाण्यापासून सुरक्षित नसतात, हे ध्यानात ठेवा.

घरी करायची तयारी

लग्नाच्या तीन-चार दिवस आधी सगळ्या माळा हॉलमध्ये फरशीवर सोडून तास-दोन तास पेटत्या ठेवा. गुंडाळीसकट पेटवून ठेवू नका, आत ऊब साठते. ज्या बंद पडायच्या त्या बहुधा याच वेळात बंद पडतात. मग प्रत्येक माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, सुरुवात शेपटाकडून करा म्हणजे प्लग बाहेर राहतो. झाडाला बांधताना प्लग खालीच हवा असतो. उलटी गुंडाळलेली माळ शिडीवर उभं राहून सोडवणं म्हणजे वैताग.

झाड: इथे वेळ द्या

आंबा, कडुनिंब, गुलमोहर, जे मोठं झाड असेल ते निवडा. आधी दिवसाउजेडी खालून नीट बघा. वर आग्या मोहोळ लोंबत असेल तर त्या झाडाचा नाद सोडा. रात्रीच्या उजेडाकडे या माश्या झेपावतात, आणि खाली चारशे माणसं असताना तसं होणं फार वाईट. पक्ष्याचं घरटं दिसलं तरी दुसरं झाड बघा.

खोडाचा हिशोब असा. सुतळीने खोडाचा घेर मोजा. समजा तो 1 मीटर भरला आणि 2 मीटर उंचीपर्यंत माळ गुंडाळायची आहे. दोन वेढ्यांत चार बोटांचं, म्हणजे साधारण 8 सेंटीमीटरचं अंतर ठेवलं तर 25 वेढे होतात आणि 25 मीटर माळ लागते. दहा मीटरवाल्या तीन माळा धरा. हेच अंतर वीतभर ठेवलं तर नऊ वेढ्यांत, एका माळेत काम उरकतं. तीन माळांत तीन झाडं विरळ करायची की एक दाट? दाट करा. विरळ वेढ्यांत लोकांना वायर दिसते, दाट वेढ्यांत खोड दिसतं: आंब्याच्या सालीच्या भेगा, जुन्या फांदीची गाठ, सगळं आतून उजळल्यासारखं. त्या झाडाखाली म्हातारी माणसं आपसूक खुर्च्या ओढून बसतात, हे मी दर वेळी पाहतो.

सुरुवात जमिनीपासून दोन-अडीच फुटांवरून करा, अगदी बुंध्यापासून नको. माळ ओढून ताणू नका. खोडाला टेकेल इतकीच. दर सहा-सात वेढ्यांनी एक प्लास्टिकचा टाय किंवा सुतळीची गाठ. खिळा, स्टेपल अजिबात नको, झाडालाही जखम आणि वायरलाही. खोड दुभंगतं तिथून जाड फांदीवर चढा आणि फांदीच्या अर्ध्यावर थांबा. टोकापर्यंत नेलेल्या माळा वाऱ्यावर हेलकावतात आणि जोड निसटतात.

शिडी दोघांत वापरायची, एक वर आणि एक खाली धरायला. लॉनवरून किंवा कुंपणाशेजारून महावितरणच्या तारा जात असतील तर ॲल्युमिनियमची शिडी त्या बाजूला नेऊच नका.

डोक्यावरचं छत

मधला एक खांब आणि त्यापासून चहूबाजूंना माळा, हे छत फोटोत फार छान दिसतं. पण माळेची वायर स्वतःचं वजन पेलण्यासाठी केलेली नसते. आधी नायलॉनची दोरी ताणून बांधा, मग माळ तिला हात-हातभर अंतरावर टायने अडकवा. थोडा झोळ राहू द्या. खांब मंडपवाल्यांकडूनच रोवून घ्या. गंगापूर धरणाच्या बाजूला उघड्यावर संध्याकाळी वारा उठतो आणि नुसता मातीत खोचलेला बांबू त्याला टिकत नाही.

स्टेज आणि बोहलं

स्टेजमागे पडदा-माळ लावतात, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी सहज मिळते. तिच्यापुढे पातळ पांढरं कापड सोडा. ठिपके विरघळतात आणि सगळा पडदा मंद चमकतो. पण मागे उजेड आणि पुढे काहीच नाही, असं झालं की नवरा-नवरीचे चेहरे काळे पडतात. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी मुंडावळ्यांआडून दोघं एकमेकांकडे बघतात; ते चेहरे दिसले नाहीत तर मागच्या झगमगाटाचा काय उपयोग? म्हणून समोरून, दोन्ही बाजूंनी, थोड्या उंचीवरून पिवळसर पांढरे दोन मऊ फोकस हवेतच. फोटोग्राफरना आधीच गाठा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या माळा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्यात आडवे पट्टे येतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवला की ते जातात. जाणत्या फोटोग्राफरला एवढं सांगितलं तरी पुरतं.

होमाच्या वर आणि आजूबाजूला सहा फुटांत ना माळ, ना कापड. लाजाहोमाच्या वेळी तुपाची ज्वाळा अचानक वर येते.

वीज: इथे घाई नको

मावसबहिणीच्या हळदीची गोष्ट सांगतो. डिसेंबर होता. दुपारी तीनपर्यंत आम्ही सगळ्या माळा बांधून, पेटवून, बघून मोकळे झालो होतो. संध्याकाळी पाहुणे यायला लागले, बटण दाबलं आणि वाटेवरच्या माळांची लाइन लागताक्षणी ट्रिप झाली. पुन्हा चालू केली, पुन्हा ट्रिप झाली. तिकडे उष्टी हळद घेऊन नवऱ्याकडची मंडळी दारात उभी. वायरमनदादांनी एकेक माळ सुटी करत शोधलं तेव्हा कळलं, चारच्या सुमारास लॉनला पाणी दिलं गेलं होतं आणि दोन माळांचा जोड ओल्या गवतात पडलेला होता. जोड पुसला, उचलून कुंडीच्या काठावर ठेवला, कोरडी पिशवी बांधली आणि माळा लागल्या. पण अर्धा तास गेला होता, आणि बहीण त्या अर्ध्या तासात अंधारात बसून होती. लाइन ट्रिप झाली हे खरं तर आमचं नशीब. ती तोडणारं यंत्र नसतं तर त्या गवतात अनवाणी फिरणारी पोरं होती.

तेव्हापासून काही गोष्टींत मी तडजोड करत नाही. माळांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारं यंत्र, आहे का, ते वायरमनकडून आधी तपासून घेतो आणि त्याचं टेस्ट बटण स्वतः दाबून बघतो. बागेच्या माळीकाकांना आदल्या दिवशी भेटून सांगतो की कार्यक्रमाच्या दिवशी पाणी सकाळीच द्या. एकही जोड जमिनीवर ठेवत नाही. निदान फूटभर वर, तोंड खाली करून. नाशिकच्या थंडीत रात्री दहानंतर दव पडतं, पाऊस नसला तरी सगळं ओलं होतं, हे बाहेरगावच्या डेकोरेटरच्या लक्षात येत नाही.

लोड किती? आपल्याला वाटतं तितका नसतो. 8 वॉटच्या 60 माळा म्हणजे 480 वॉट, 230 व्होल्टला जेमतेम 2 अँपिअर. पण म्हणून सगळ्या माळा एकमेकींत खोचत जाऊ नका. पहिल्या माळेच्या बारीक वायरमधून पुढच्या सगळ्यांचा करंट वाहतो. डब्यावर किती जोडता येतात ते दिलेलं असतं. दिलेलं नसेल तर मी दोनच्या पुढे जात नाही. मुख्य बोर्डापासून 1.5 चौरस मिलिमीटरची तीन कोअरची केबल आणा आणि तिच्यावरून जागोजागी फाटे द्या. ही लाइन डीजेची आणि आचाऱ्यांची नको. तिकडे ग्राइंडर सुरू झाला आणि इकडे स्टेज अंधारलं, असं व्हायला नको. हे जोडकाम स्वतः करू नका, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. माळेच्या छोट्या डबीवर आठ प्रकार असतात: लुकलुक, लाटा, मंद-तेज आणि शेवटी स्थिर. पुष्कळ डब्या वीज गेली की निवडलेला प्रकार विसरतात. मंगलाष्टकं चालू असताना लाइट जाते, जनरेटर चालू होतो आणि सगळा मांडव एकदम लुकलुकायला लागतो. घेतानाच प्लग काढून पुन्हा लावून बघा. स्थिर राहत असेल तीच माळ घ्या.

द्राक्षबागेत लग्न असेल तर

सध्या पुष्कळांना बागेच्या बाजूला लग्न हवं असतं. तारीख ठरवण्याआधी छाटणीचं वेळापत्रक विचारा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, डिसेंबरात वेली हिरव्यागार असतात, आणि साधारण जानेवारी ते मार्च माल उतरतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की उरतात नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांद्या, आणि लोखंडी अँगल. फोटो बघून एप्रिलची तारीख घेतलेल्यांची निराशा होते.

वेलींच्या तारांवर 230 व्होल्टची माळ कधीच टांगू नका. तार लोखंडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. एका जागी वायर सोलली तर सगळी ओळ जिवंत होऊ शकते. इथे बॅटरीच्या किंवा अडॅप्टरच्या माळाच, त्याही ओळीबाहेर वेगळे बांबू रोवून. घड लागलेले असतील तर बागाईतदाराला विचारल्याशिवाय ओळीत पायही टाकू नका, त्यांच्या वर्षाची कमाई तिथे लोंबत असते. टेबलांवर रिकाम्या वाइनच्या बाटल्यांत तांब्याच्या तारेच्या माळा घालतात, दिसतात सुंदर. घरातल्या मोठ्यांना लग्नात त्या बाटल्या रुचणार नसतील तर लोणच्याच्या काचेच्या बरण्या घ्या. माळ तितकीच छान खुलते.

ऐन संध्याकाळी

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी माळा चालू करा आणि लॉनच्या दारापासून स्टेजपर्यंत पाहुण्यासारखं चालत या. लोंबती वायर, बंद तुकडा, पायात येणारी केबल याच फेरीत सापडते. केबल वाट ओलांडत असेल तर तिच्यावर रबरी मॅट टाका आणि कडा चिकटवा. नऊवारी नेसलेल्या बायकांना पाय कुठे पडतोय ते खाली दिसत नाही. दोन जादा माळा, एक टेस्टर, इन्सुलेशन टेप आणि टायचं पाकीट एका पिशवीत घालून अशा भावाकडे द्या ज्याला फोटोत उभं राहायचं नाहीये. वायरमनदादांना जेवणाचं ताट लवकर द्या आणि ते शेवटपर्यंत थांबणार आहेत ना, ते सकाळीच ठरवा.

उतरवताना

रात्री एकला दमून माळा ओढून काढू नका. सकाळी या. मेन बंद करा, माळा वरून खाली सोडवत या, मग दवाने ओल्या झालेल्या त्या माळा उन्हात तासभर पसरा. कापलेले टाय गवतातून वेचून घ्या, नाहीतर ते गवत कापायच्या यंत्रात जातात. झाडावर एकही वेढा ठेवू नका. पुन्हा त्याच पुठ्ठ्यावर शेपटाकडून गुंडाळा, जी अर्धी बंद आहे तिला लाल दोरा बांधा, आणि पुठ्ठ्यावर पेनने लिहून ठेवा: आंबा, खोड, 3 माळा. पुढच्या लग्नात मोजायचं काम वाचतं.